अडीअडचणीचा चाकू

दप्तरखान्यातले हेडक्लार्क गेली बावीस वर्षं खिशात घडीचा चाकू बाळगून होते. "वेळ काही सांगून येत नाही," हे त्यांचं पालुपद. पण कुणी पार्सलची दोरी कापायला चाकू मागितला की अंगावर धावून येत. "हा अडीअडचणीसाठी आहे, दोऱ्यांसाठी नाही! धार जाते." मग बिचारे कारकून दोऱ्या दातांनी तोडत. खिशात पातं उघडून मांडी कापू नये म्हणून चाकू चिंधीत गुंडाळलेला, वर सुतळीचे सात वेढे आणि त्यावर चिकटपट्टी.

आणि एकदाची ती वेळ आली. कागद फाडायच्या यंत्रावर साहेब वाकले आणि त्यांचा टाय आत गेला. शिपायाने बटण बंद केलं, पण तोवर साहेबांचं नाक यंत्राला टेकलं होतं आणि गळा आवळला होता. सगळ्यांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. त्यांनी रुबाबात चाकू काढला, चिकटपट्टी सोलली, सुतळीची गाठ नखांनी ओढली, दातांनी ओढली आणि घामाघूम होऊन ओरडले, "अरे, कात्री आणा कुणीतरी!"

टायपिस्टबाई शेजारच्या ऑफिसातून कात्री घेऊन धावत आल्या आणि त्यांनी सरळ टायच कापला.

"जरा दम धरायचा होता, बाई," हेडक्लार्क फणकारले. "गाठ सुटतच आली होती."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या खिशात नवी कात्री आली.

"अहो, टोक लागेल ना मांडीला," बायको म्हणाली.

"लागेल कसं? चांगली बांधून घेतलीय."