चाईवरचा इलाज

गेल्या चैत्रातली गोष्ट. घरामागच्या अंगणात मी नेहमीसारखी मान खाली घालून बसले होते आणि दगडू न्हाव्याचा वस्तरा मध्येच थांबला.

“आक्का, हितं केसच न्हाईत की!”

मला हसू आलं... हे गेल्याला तेरा वर्षं झाली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी माझं डोकं दगडूच करतो. केस नाहीत हे त्यानं मला सांगावं!

पण तो हसला नाही. “तसं न्हवं. बाकी समद्या डोक्यावर खुंट हाय. ह्या कानामागं रुपयाएवढी जागा लई गुळगुळीत हाय. चाई लागली तुमास्नी. माझ्या वस्तऱ्यानं न्हाय हां, आधीच सांगून ठेवतो.”

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाच्या हस्तलिखितात हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. डोकं केलेल्या विधवेनं केस गेल्याचं दुःख सांगायचं म्हणजे... पण खरं ते लिहिते. पंधरवड्यात ते खुंट वर यायचे, पदर सावरताना बोटांना लागायचे. तेवढं तरी आपलं आहे, कितीही काढलं तरी परत येतं, असं वाटायचं. आता तेही यायचं थांबलं की काय, ही धास्ती बसली.

थोरल्या जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, न्हाव्याचं काम हलकं झालं! तुला कुठं वेणी घालायची आहे?” पण दुसऱ्या दिवशी माझा पंचा वेगळ्या दोरीवर गेला. मुलांना लागेल म्हणून.

वाचायला मी पुतण्यांच्या शाळेच्या पुस्तकांवरून आपलीआपण शिकले. म्हणून घरातली सगळी जुनी मासिकं काढून बसले. तेलांच्या जाहिराती खूप... प्रत्येक चित्रातल्या बाईचे केस गुडघ्यापर्यंत. केस का जातात, ते मात्र एकीतही नव्हतं.

शेवटी बायकांच्या दवाखान्यात गेले. एकटीच. माझ्या पुढे एक विणकरीण बसली होती, मांडीवर तान्हं मूल आणि मुठीत विंचरून निघालेला केसांचा गुंता. तिनं माझ्या डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं आणि म्हणाली, “अम्मा, तुम्ही पण केसासाठीच? मग आधी तुम्ही जावा. माझे थोडे तरी राहिलेत!”

आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी कुणाबरोबर तरी हसले.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं ते मी दारातून ऐकत होते. बाळंतपणानंतर तीनचार महिन्यांनी केस असे जातात, आपोआप परत येतात. मोठा ताप येऊन गेला, अंगात रक्त कमी झालं, तरी जातात. तेलं बदलत बसू नकोस, पोटभर जेव.

मग माझी पाळी. त्यांनी पदर मागे घेतला आणि बोटांनी सगळं डोकं हळूहळू चाचपून पाहिलं. तेरा वर्षांत दगडूखेरीज माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता... आणि त्याच्याही हातात वस्तरा. मला एकदम रडू आलं.

त्या थांबल्या, पण हात काढला नाही. म्हणाल्या, “हे गजकर्ण नाही. कुणाला लागायचं नाही. चाईचं नेमकं कारण आम्हालाही सांगता येत नाही. बऱ्याच जणींची आपोआप भरून येते. जेवण कसं आहे?”

“एकभुक्त.”

“किती वर्षं?”

“तेरा.”

“म्हणजे तेरा वर्षं तुम्ही रात्रीच्या जेवल्याच नाहीत? हे आधी बंद करा. भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे... दोन्ही वेळा.” त्यांनी लावायचं औषध लिहून दिलं आणि सहज म्हणाल्या, “आणि वस्तरा बंद. केस वाढू दिल्याशिवाय ते येतात की नाही, मला कळणार कसं?”

घरी ती चिठ्ठी थोरल्या भाऊजींनी दोनदा वाचली. मग म्हणाले, “औषध चालू आहे तोवर ठीक.”

तीन महिन्यांत केस दोन बोटं वाढले. चाईच्या जागीही आले, पण पांढरेशुभ्र, जावळासारखे मऊ. ह्यांनी मला पांढऱ्या केसांत कधी पाहिलंच नाही... डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, बऱ्या झालात, आता औषध नको.

औषध नको म्हणजे काय, ते मला घरी येताना रस्त्यात कळलं.

दुसऱ्याच दिवशी जाऊबाईंनी दगडूला बोलावलं. त्यानं धोकटी सोडली, वाटी मागितली. मी बसले नाही. म्हटलं, “नको.”

“आज नको? मग उद्या येऊ?”

“उद्याही नको, दगडू. आता कधीच नको.”

त्यानं एकदा घराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. धोकटी बांधत हळूच म्हणाला, “बेस हाय, आक्का.” आणि गेला.

भाऊजींनी घराबाहेर काढलं नाही, हे त्यांचे उपकार. पण केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणी आमच्याकडे चालत नाही. स्वयंपाकघर बंद झालं. माझं ताट दाराशी ठेवतात, मी मागच्या खोलीत नेऊन जेवते. चुलीपाशी गोष्ट सांगा म्हणून मागे लागणारी पुतणी आता लांबूनच बघते... त्याचं वाईट वाटतं. रोज वाटतं.

तुमच्यापैकी कुणाचे केस गळत असतील, तर लाज धरू नका, दाखवून घ्या. एवढ्यासाठीच हे लिहिलं. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि दगडूचेही आभार मानायचे होते, ते इथंच मानते.

सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं की पूर्वी ते क्षणात ओघळून जायचं. आता केसांतून उतरायला त्याला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ मी तशीच बसून राहते.