शाईताईंचं निळं तळं

ऑफिसात त्यांना सगळे शाईताई म्हणत. नकाशांच्या कार्यालयात सव्वीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसल्या, उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून, आणि दुसऱ्यांनी मोजून आणलेले डोंगर डोळ्यांत तेल घालून शाईने पक्के करत राहिल्या. स्वतः साधी टेकडीसुद्धा चढल्या नव्हत्या. दोन मजले चढून कामावर यायच्या, तेवढीच काय ती चढाई.

खरं तर डोंगरावर त्यांनीच जायचं होतं. मोजणीच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या आणि त्यांचा थोरला भाऊ दुसरा. जागा एकच, आणि लेक तेव्हा दीड वर्षाची. दादाने गळच घातली, "तू दोन-दोन महिने तंबूत राहणार, मग पोरीला कोण बघणार? मी जातो. तुझ्या वाट्याचं सगळं बघून येतो आणि आल्यावर सांगतो. झालं?" दादाचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी टेबलावरची नोकरी घेतली.

पहिल्याच मोहिमेवरून दादा परतला तो एका तळ्याची गोष्ट घेऊन. सगळ्यांत उंच शिखराच्या पोटाशी, निळंशार, इतकं गार की हात घातला तर बोटं सुन्न व्हावीत. पुढे त्याने मैदानी भागात बदली मागून घेतली, पण शाईताईंचं मन त्या तळ्यावरच जडलं. घरी कधीही जमले की त्या विचारायच्या, "दादा, तिथे अजून काय होतं?" आणि दादाला दर वेळी काहीतरी नवीन आठवायचं.

त्या तळ्याचा कच्चा नकाशा त्यांच्याच टेबलावर आला होता. उंचीच्या रेषा काढताना त्यांच्या लक्षात आलं, की एक काठ दुसऱ्यापेक्षा चाळीस हात उंच दाखवलाय. पाणी असं तिरपं कसं राहील? शंका आली तर कागद परत पाठवायचा, असा कार्यालयाचा नियम होता. पण त्यांना वाटलं, थंडीने दादाचा हात थरथरला असेल, साहेबांपुढे कशाला त्याची शोभा करायची? त्यांनी रेषा गुपचूप जुळवून घेतली आणि बारीक कुंचल्याने निळा रंग भरला. अख्ख्या नोकरीत केलेली ही त्यांची एकुलती एक लबाडी.

बावन्नाव्या वर्षी त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि जाड तळव्यांचे बूट आणले. एकदा त्या तळ्याच्या काठी बसायचं, बाकी काही नको. नवरा म्हणाला, "आधी आपल्या जिन्यावर सराव कर." तो चेष्टा करत होता, पण शाईताई खरोखर चार महिने पाठीवर पिशवी लावून जिना चढल्या-उतरल्या. दादाला मात्र हे खूळ पटेना. "या वयात गुडघे मोडून घेशील. आणि तळं तरी कशावरून राहिलं असेल? आटलंही असेल," तो पुन्हा पुन्हा सांगायचा. केवढी काळजी करतो आपली, म्हणून त्यांना भरून यायचं. भाबडेपणाला काही औषध असतं का?

तीन दिवस चालून, दोनदा आपटून त्या पोचल्या. नकाशात जिथे निळं होतं तिथे दगडांचा उतार होता. कपभर पाणीसुद्धा थांबलं नसतं.

सोबत आलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला त्यांनी नकाशा दाखवला. तो हसायलाच लागला. "इथं तळं? बाई, माझा जन्म इथलाच. मागं एक मोजणीवाले आले होते खाली. बाकीचे वर गेले, की हे आमच्या अंगणात बसायचे, डोंगराकडं बघून चित्र काढायचे. पत्ते मात्र झकास खेळायचे."

रडू आलं नाही, अंगाचा तिळपापड झाला. मी सोडलेली जागा याने नुसती अडवून ठेवली, आणि वर माझ्याच हातून खोटं पक्कं करून घेतलं! तशाच रागाने त्या उठल्या आणि उरलेला चढ चढून शिखरावर गेल्या. तासभर तिथे होत्या.

परतल्यावर त्या आधी घरी गेल्या. वर काय काय पाहिलं ते त्यांनी नवऱ्याला सांगितलं, मग फोनवर लेकीला सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी त्याच मातकट बुटांनी दादाच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या.

"तू वर गेलाच नव्हतास."

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पहिल्याच कड्यावर चक्कर आली गं, पुढे पाऊलच टाकवेना. तुझी जागा घेऊन बसलो होतो, कोणत्या तोंडाने सांगणार?"

"याच तोंडाने. मी गेले असते, दादा. पोरीला आईने सांभाळलं असतं."

"तू इतक्या आशेने विचारायचीस..."

"आणि तुझी चूक मी झाकली. तू चुकला असशील एवढंच वाटलं. खोटं बोलला असशील, हे मनातही आलं नाही."

दादाची नजर त्यांच्या बुटांवर गेली, आणि हलक्या आवाजात त्याने विचारलं, "तिथे... खरंच काय आहे गं?"

शाईताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. सव्वीस वर्षं हाच प्रश्न त्या विचारत आल्या होत्या. त्यांनी दार उघडलं आणि त्या जिना उतरायला लागल्या.