खालची ओळ नको

"खेचरांची लीद काढणाऱ्याला बी फौजी म्हणायचं का आता?"

आमचे सरपंच, गाव त्यांना मालकच म्हणतं, असं बोलले आणि पंचायतीच्या ओट्यावर बसलेले सगळे हसले. मी खाली उभी होते. पंधरा ऑगस्टचा झेंडा नुकताच वर गेलता. शेजारी काळा गुळगुळीत दगड उभा केलता. लढाईवर गेलेल्या गावच्या माणसांची नावं त्यावर कोरली होती. पहिलंच नाव मालकांच्या आजोबाचं. माझ्या आबाचं कुठंच नाही. मी हात जोडून एवढंच विचारलं होतं, "मालक, आमच्या आबाचं राहिलं का?"

मालकांनी माव्याची पिंक टाकली. ती माझ्या पायावर पडली. "कागद हाय का? धनगराची पोरगी म्हणली म्हणून दगडावर नाव येत न्हाई."

मी केजात एका दवाखान्यात आयाचं काम करते. लोकांची ओकारी पुसते, रक्त पुसते, मला किळस येत नाही. त्या दिवशी आली. घरी येऊन पाय घासून घासून धुतला. तरी तो ओलसर गरमपणा जाईना.

आबा म्हणजे माझ्या बापाचा बाप. मेंढरं राखायचा. दुसऱ्या महायुद्धात नगरला जाऊन भरती झाला. जनावर ह्याचं ऐकतं हे बघून त्याला खेचरांच्या पलटणीत घातलं. ब्रह्मदेशात जिथं गाडी चढायची नाही, तिथं हा खेचरांवर दारूगोळा आणि पाणी लादून वर न्यायचा, येताना जखमी माणसं खाली आणायचा. एक कान तिकडंच गेला. आणि गावात आल्यावर? ह्याच मालकांच्या बापासमोर चपला हातात घेऊन उभा राहायचा. मरेपर्यंत. मी डोळ्यांनी बघितलंय.

घरात त्याचा एक कागद उरला नव्हता. बीडला चौकशी केली तर म्हणाले, फौजेतला नंबर लागेल. नंबर कुठून आणू? शेवटी घाटनांदूरला आत्याकडं गेले. आत्या आता अंथरुणालाच असते.

"नंबर व्हय?" तिनं डोळे मिटले आणि एका दमात हिंदीत सगळे आकडे म्हणून दाखवले. "आबाला झोपंतून हलवलं की आधी नंबर सांगायचा, मग डोळं उघडायचा. आमी पोरं लई हसायचो."

मग तिचं हसू थांबलं. "एकदा झोपंतच रडलता. खेचर दरीत गेलं म्हणं. त्याच्यावर बांधलेला माणूस बी गेला. दोर ह्याच्या हातात व्हता."

मी लष्कराला लिहिलं. उत्तर आलं नाही. परत लिहिलं. खूप महिन्यांनी आलं. आबाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आमचं गाव, ब्रह्मदेश, लढाईत जखमी. मी ते वाचलं आणि आबाच्या त्या चपला आठवल्या.

कागद घेऊन मालकांकडं गेले. ग्रामसेवक तिथंच बसले होते. मालकांनी वाचलं, दात कोरले.

"बरं. टाकू नाव. पर खाली. मधी रेष मारून, 'सेवेकरी' म्हणून. आमच्या आजोबाच्या बरुबरीनं कसं टाकावं, तूच सांग. आन् निवडणुकीच्या आधी तुझा सत्कार ठिवू. तुमच्या वस्तीवरली माणसं घिऊन ये."

"घ्या ताई," ग्रामसेवक म्हणाले. "मोठं मन केलंय मालकांनी."

मी खाली बघितलं. माझे हात परत जोडलेले होते. कधी जोडले, मला कळलंच नव्हतं. मालकांपेक्षा जास्त किळस मला त्या हातांची आली. मी ते सोडवले. समोरची रिकामी खुर्ची ओढली आणि बसले. त्या घरात आमच्यातलं कुणी खुर्चीवर बसलेलं नाही.

"खालची ओळ नको," मी म्हणाले.

"ऊठ आधी."

"बोलणं झालं की उठते. दगड पंचायतीच्या जागेत हाय. तुमच्या घरचा न्हाई. नाव टाकायचं तर सगळ्यांसंगं, तेवढ्याच अक्षरात."

मालक चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "वस्तीवर टाकीचं पाणी येतंय न्हवं?"

दुसऱ्याच दिवशी आमच्या वस्तीचा नळ बंद झाला. आता आम्ही लांबच्या बोअरवरून डोक्यावर पाणी आणतो. नवरा गेल्यापासून मी भावाच्याच घरी राहते. तो काल म्हणाला, "आक्का, जाऊन माफी माग. पाणी सुटंल."

मी त्याच्या पुढ्यात घागर ठेवली. म्हणलं, "ही भरून आण. माफी मागायला मी जाणार न्हाई."

ग्रामसभेसाठी अर्ज दिलाय. त्यात दोन गोष्टी लिहिल्यात, नाव आणि पाणी. वस्तीवरल्या बायका येणार हायेत. मालकांनी पाणी का तोडलं, ते त्यांनी सगळ्या गावासमोर सांगावं. सांगेपर्यंत मी सभा उठू देणार नाही.