गोवर्धन मिस्त्रीचा कान

बडनेऱ्याच्या गोवर्धन मिस्त्रीचा कान म्हणजे काय सांगावं! लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा अन् डोळे मिटून सांगायचा, कुठलं बेअरिंग गेलं ते. चाळीस वर्षं त्याचं नाव या कानावर चाललं. गेल्या दिवाळीपासून मात्र त्याला ऐकूच येईना. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, पार्बताबाईला.

"सांगून टाका ना लोकायले," ती कानाशी येऊन ओरडायची.

"सांगू अन् घरी बसू काय?" तो खेकसायचा. "मंग कोन ईन माह्याकडं?"

अशात शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी खुशालराव आले. जुन्या गाड्यांचा भारी शौक! अकोल्यात कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये दोन अमेरिकन गाड्या विकायला निघाल्या होत्या, एक मस्टँग, एक कॅमॅरो. घ्यायची एकच. मिस्त्रीला ते सोबत घेऊन गेले.

"मस्टँगचं नाव पोट्ट्यायलेबी माईत हाय, पार्टबी मिळते," शेडमध्ये चालू इंजिनांच्या आवाजात खुशालराव मोठ्यानं म्हणाले. "कॅमॅरो देखणी, कमी दिसनारी. पन खालचा पत्रा सडला तिचा. इंजिनचं तुमी सांगा. तुमी म्हनान तेच नेतो."

त्यांच्या ओठांकडे बघत गोवर्धननं मान हलवली. मस्टँगला पेचकस लावला. काही नाही. कॅमॅरोला लावला. तिथंही काही नाही. तेव्हाच खरं बोलायचं होतं बाप्पा! पण सगळे त्याच्याच तोंडाकडे पाहून राहिलेले. मग त्यानं नुसते हात टेकवून पाहिले. मस्टँग कमी थरथरत होती.

"मस्टँग न्या. इंजिन खणखणीत हाय."

विकणाऱ्यानं तिच्यात जाडं ऑइल ओतून आतल्या झिजल्या बेअरिंगचा ठोका दाबला होता. थोडा जरी कान शाबूत असता, तरी त्यानं तो पकडला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजात खुशालरावांचा फोन आला. तो पार्बताबाईनं घेतला.

"काय म्हनते?" गोवर्धननं विचारलं.

तिनं हळू सांगितलं. मग जवळ येऊन सांगितलं.

"मोठ्यानं बोल ना व!"

"घरी नेता नेता मोर्शीच्या अलीकडं इंजिन जाम झालं म्हंते!" ती रडत ओरडली. "एवढा ठोका आयकू नाई आला, मिस्त्री बहिरा झाला म्हंते! आता तुमाले कोनी बोलावनार नाई म्हंते!"

त्यांच्या गॅरेजच्या ओळीत सात गॅरेजं. साऱ्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. गोवर्धननं कानामागं हात धरला अन् म्हणाला, "अजून एक डाव सांग."