यमुनेने शेठला माणसांत आणलं

यमुना गेली हे मला माझ्या मुलाने ओरडून सांगितलं. त्याचा दोष नाही. तीस-बत्तीस वर्षं निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर काढली, त्यात माझे कान गेले, आणि फोनवर तर मला निम्मं कळतच नाही. प्रमोद इस्पितळातून आधी हळूच बोलला असणार. मी आपला "काय? काय म्हणतोस?" करत राहिलो. शेवटी त्याने दम घेतला आणि ओरडला, "आई गेली, बाबा! आई गेली!" सगळ्या चाळीने ऐकलं. आमचा कुत्रा उठला आणि कॉटखाली जाऊन भिंतीला चिकटून बसला. त्याला ओरडणं सोसत नाही. मी पण तिथेच फरशीवर बसलो... शेजारची माणसं आत आली तेव्हा आम्ही दोघं तसेच होतो म्हणे.

आता पाच आठवडे झाले. शेवटी तिच्याजवळ मी का नव्हतो, असं लोक विचारतात. खरं ते सांगतो, कुत्र्यापायी नव्हतो. तिच्या छातीत पाणी झालं होतं, दहा-बारा दिवस ती खाटेवर होती. आदल्या संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसलो होतो तर तीच म्हणाली, "तुमी घरी जा. शेठ उपाशी असंल. प्रमोदच्या हातचं तो खानार न्हाय." मी म्हटलं, एक दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. त्यावर तिने डोळे मिटून घेतले. वाद घालायचा नसला की ती असंच करायची. मग मी उठलो. रिक्षात बसेपर्यंत तिच्यावर चिडलेला होतो, हेही खरं.

शेठ हे त्या कुत्र्याचं नाव. तो वडप्याच्या एका गोदामावर होता. आमचा लूमचा कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले, तेव्हा मला त्या गोदामावर वॉचमनची ड्युटी मिळाली. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला, शटरच्या बाजूला ट्रकच्या दोरीने बांधलेला. गाडी आली, ब्रेकची हवा सुटली, की हा पुढे उडी घ्यायचा आणि दोरीचा हिसका बसून उलटा पडायचा. परत उठायचा, परत तेच. हमाल हसायचे. यमुना डबा घेऊन यायची, तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सावलीत पोत्यावर पसरला होता. ती म्हणाली, "बसलेत बगा कसे, शेठजी." तेच नाव पडलं.

काही महिन्यांनी एक दिवस ती डबा ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी त्याला घरी नेनार हाय." मी म्हटलं, डोकं फिरलंय काय, एका खोलीत आपण दोघं नीट मावत नाही. ती म्हणाली, "तुमी मावत न्हाय. तो मावंल." गोदामाच्या मालकाला दुसरा कुत्रा मिळत होता, त्याने नाही म्हटलं नाही. प्रमोदने मागून आणलेल्या टेम्पोतून आणला त्याला. रस्ताभर त्याने टेम्पोत घाण केली आणि प्रमोदच्या मनातून तो त्या दिवशी उतरला तो उतरलाच.

पहिले दोन महिने नको झाले होते. जिन्यावर पाऊल वाजलं की भुंकायचा. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की भुंकायचा. आणि काठी, छत्री, झाडूचा दांडा, असलं काही कोणाच्या हातात दिसलं की दात काढून अंगावर जायचा, आणि जाता जाता भीतीने मुतायचा. दोन्ही एकदम. मी ओरडायचो, तो आणखी चेकाळायचा, मग मी आणखी ओरडायचो. यमुना मला म्हणायची, "तुमी गप बसा वो. तो घाबरून भुकतो, तुमी कशाला भुकता?"

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती माझ्यासारखीच कारखान्यात राबलेली, कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिथे लूमच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं हाताने चालतं. तळहात आडवा धरला की थांब. दोन बोटं आपल्याकडे वळवली की इकडे ये. तिने कुत्र्याला तेच शिकवलं, फक्त थांब म्हणजे बसायचं. तोंडातून शब्द नाही. पदरात भाकरीचे तुकडे. आधी खोलीत, मग गॅलरीत, मग गल्लीत. तो दोरी ताणायला लागला की ती तिथेच उभी राहायची, सूत ताणलं की तुटतं हे तिच्या हाताला माहीत होतं. दोरी सैल झाली की मग पुढे.

काठीचं सगळ्यात अवघड होतं. खालच्या मजल्यावरचे रफिकभाई, आमचे जुने शेजारी, गुडघे गेल्यापासून काठी घेऊन चालतात. नमाजाचं वजू, म्हणजे हातपाय धुऊन झालेली शुद्धी, सांभाळायची म्हणून ते कुत्र्याला अंगाला लागू देत नाहीत, पण यमुनेने विचारलं तर लगेच म्हणाले, "भाभी, मैं सामने से चलूँगा, दूर से. आप उसको खिलाते रहो. मगर मेरा पायजमा फटा तो सिलाई आपकी." रोज असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाआधी ते समोरच्या कडेने काठी टेकत जायचे आणि ही अलीकडे शेठला घेऊन उभी. तो ताठ झाला की ती लगेच चार पावलं मागे फिरायची. त्याने काठीकडे बघून तिच्याकडे बघितलं की तुकडा. एवढंच. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि घरी. मला वाटायचं, ह्यात काय होणार. मी असतो तर ओढत नेला असता काठीपर्यंत, बघ म्हटलं असतं, काही होत नाही. तिने घाई केली नाही. गल्लीची रुंदी काय, दहा-बारा पावलं. ती पार करायला त्या दोघांना सात महिने लागले. शेवटी रफिकभाई हातभर अंतरावरून गेले, शेठ बसून राहिला, अंग थरथरत होतं पण बसून राहिला. रफिकभाई न थांबता म्हणाले, "माशाल्ला, शेठ तो शरीफ हो गए." ही त्या दिवशी घरी येऊन रडली. मुलाच्या लग्नातसुद्धा रडली नव्हती.

मग तिने काठी माझ्या हातात दिली. म्हणजे आधी जमिनीवर ठेवायला सांगितली, मी बाजूला बसायचं आणि भाकरी टाकायची. मग काठी मांडीवर. मग हातात. ह्याला आणखी वर्ष गेलं, कारण मी मधेच वैतागून उठायचो. ती म्हणायची, "त्याच्यापेक्षा तुमालाच जास्त टाईम लागतोय."

ती गेल्यावर हे सगळं विस्कटलं. भेटायला माणसं यायची, चपला, रडणं, मोठमोठ्याने बोलणं, आणि ज्या हाताकडे बघायचं तो हात नाही. शेठ जुन्यासारखा भुंकायला लागला. आठव्या दिवशी माझे मेहुणे छत्री झटकत दारात आले आणि ह्याने त्यांच्या पोटरीला दात लावला. रक्त आलं, इंजेक्शनं झाली. प्रमोद मला बोलला नाही, पण तेरावं झाल्यावर समोर येऊन बसला. "बाबा, रविवारी टेम्पो येतोय. वडप्याला मित्राच्या गोदामावर सोडतो त्याला. तो मुळातच खराब कुत्रा हाय. आईने उगाच जीव लावला. त्याच्यापायी तुम्ही तिला शेवटचं बघितलं न्हाय."

रविवारपर्यंत चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी शेठला रोज खाली नेला. जमलं नाही. माझ्या तोंडून आवाज निघायचाच, "ए! बस! बस म्हणतो ना!" आणि तो दोरीला लोंबकळायचा. रफिकभाई लांबूनच म्हणाले, "दादा, आप चिल्लाते बहुत हो." मी त्यांच्यावरही ओरडलो. शनिवारी मला वाटलं, जाऊ दे. थकलो होतो. एका म्हाताऱ्याने किती सांभाळायचं, असं वाटलं आणि दोरी खुंटीला लावून झोपलो.

रविवारी टेम्पो आला. प्रमोदने दोरी हातात घेतली. टेम्पोवाल्याने मागची फळी खाली टाकली, खाडकन, आणि सवयीने हातात बांबू घेतला. शेठने भुंकायला हवं होतं. तो भुंकला नाही. तो जमिनीला पोट टेकून सरपटत माझ्याकडे आला आणि माझ्या दोन पायांच्या मधे तोंड घातलं. माझ्याकडे आला... मी म्हटलं, "प्रमोद, थांब. तो खराब नव्हता. मी केला."

हे मी त्या दिवसापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं; तेव्हा प्रमोदला सांगितलं, तेच इथे लिहितो. सगळे समजतात की त्याला ड्रायव्हर लोकांनी मारलं. गोदामाचा कुत्रा कडक करायचा म्हणून वॉचमन लोक एक करतात. त्याला बांधून ठेवतात, अर्धपोटी ठेवतात, आणि परका माणूस आला की कुत्र्याच्या पाठीत बांबू घालतात, म्हणजे माणूस दिसला की मार बसतो हे त्याच्या डोक्यात बसतं आणि तो प्रत्येकावर जातो. मला जुन्या वॉचमनने तसंच शिकवलं. मी मन लावून केलं. ड्युटी म्हणून केलं. एक दिवस बांबू वर उचलला आणि वळून बघितलं तर यमुना डबा घेऊन उभी. तिने डबा ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी त्याला घरी नेणार. सहा वर्षांत तिने ते कधी काढलं नाही, मुलासमोर नाही, भांडणात नाही.

प्रमोदने हातातली दोरी सैल सोडली. म्हणाला, "आईला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. मी म्हटलं, "त्याला गोदामावर बांधणार असशील तर मला पण सोड तिथे. बांबू माझाच होता." टेम्पोवाला म्हणाला, "अरे भाई, बैठाना है कि नहीं? माल उठाना है." प्रमोदने त्याच्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली. दोरी माझ्या हातात दिली आणि तो जिना चढून गेला. माझ्याशी तो अजून नीट बोलत नाही. त्याचा हक्क आहे. पण परवा येताना मेडिकलमधून कुत्र्याच्या तोंडाला बांधायची जाळी घेऊन आला, आणि खुंटीला लावून गेला.

आता मी रोज संध्याकाळी त्याला खाली नेतो. जाळी घालून. तोंड बंद ठेवायला मला त्याच्याहून जास्त त्रास होतो. कधी जमतं, कधी चिडतो, कधी चार पावलांत माघारी येतो. गल्लीच्या टोकाला, जिथून ट्रक वळतात, तिथे शेठ आपणहून थांबतो आणि हाताची वाट बघतो. यमुना बुटकी होती. तिचा हात त्याच्या नाकासमोर यायचा. माझा हात फार वर राहतो, तो तिकडे बघतच नाही, समोर बघत राहतो. म्हणून मी वाकतो, आडवा तळहात खाली नेतो, तिचा असायचा तिथे. कंबर दुखते. मग तो बसतो.