शेजारची सीट

ग्रीसचा डबा उघडला की मला अजून फुटलेल्या कपाशीचं शेत दिसतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही स्पर्धेसाठी कुठल्याही रस्त्यावर चालेल अशी दोन सीटची उघडी गाडी बांधली होती, आणि वडनेरला मित्राच्या शेतावर ती चालवून बघत होतो. बैलगाडीच्या चाकोरीत शिरली की तिचं तोंड उधळायचं, स्टिअरिंग हाताला हिसके द्यायचं. मग आम्ही पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा नरम केल्या, त्यांचा तिरपेपणा बदलला, सांध्यांत ग्रीस भरलं, पुढच्या टायरांतली हवा थोडी सोडली. ऊन कलल्यावर मित्राची माय घरातून काठी टेकत आली. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून हादऱ्यांच्या भीतीनं तिनं बैलगाडीत पाय ठेवला नव्हता. "कापूस फुटला म्हणतेत. पाहून येतो मी, पण पोरा, हळू चालवजो," असं म्हणत ती माझ्या शेजारी बसली. शेताच्या बांधाकडेनं, धुऱ्याधुऱ्यानं गाडी डुलत निघाली. दोन्ही अंगांना पांढरं पांढरं कापसाचं शेत, मधूनच तुरीचा हिरवा पट्टा, आणि चाकोरी जणू कोणी मऊ करून ठेवलेली. शेताला वळसा घालून मी ब्रेकवर पाय ठेवणार, तोच सोबत चालणारा मित्र हळूच म्हणाला, "थांबवू नको. मायले झोप लागली. किती दिवसाची जागून राह्यली ते." मग मी पेट्रोल संपत येईपर्यंत त्या शेताभोवती फिरत राहिलो. स्पर्धेत आमचं काय झालं, ते आता नीटसं आठवतही नाही. हल्ली माझ्या कामावर यंत्रं नव्या गाड्यांचे हादरे मोजतात, पडद्यावर सपाट रेघ आली की सगळे खूश होतात. मी मात्र आधी शेजारच्या सीटकडे बघतो.