चाचांच्या पॅनला मीटर

चांगुलपणाच्या भरात मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या. त्यातली पहिली लालमहंमदचाचांच्या बाबतीत. चूक म्हणजे काय, मी त्यांचा मान राखला. त्यासाठी चीफ केमिस्टशी भांडलो, आणि भांडून आल्यावर स्वतःवर इतका खूश झालो की कँटीनमध्ये पाठोपाठ दोन चहा प्यायलो.

१९७१ साली मी श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. घर केडगावचं, कॉलेज नगरचं, आणि बी.एस्सी.च्या जोरावर डोक्यात हवा भरपूर. नाव राधाकृष्ण, पण कारखान्यात सगळे ‘राधाकिसन साहेब’ म्हणत. त्या ‘साहेब’ची मला पहिले सहा महिने लाज वाटत होती. नंतर वाटेनाशी झाली, हे जास्त वाईट.

साखर होते ती पॅनमध्ये. पॅन म्हणजे दुमजली उंचीचं बंद भांडं, त्यात उसाच्या रसाचा पाक आटत असतो. पाक बरोबर घट्ट झाला की त्यात बारीक पिठीसाखर सोडायची. तिला आम्ही ‘बी’ म्हणत असू, कारण त्या कणांभोवतीच पुढे दाणा वाढतो. बी लवकर सोडलं तर विरघळून जातं. उशीर झाला तर पाकात आपोआप धुरळ्यासारखा खोटा दाणा उठतो आणि पॅन बिघडतो. ही मधली दोन-तीन मिनिटं ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. आमचे मोठे पॅनमन होते लालमहंमदचाचा.

ते पितळी सळईने पाकाचा नमुना काढायचे, अंगठ्यावर घ्यायचे, बोटाने तार ओढायचे आणि मग काचेच्या पट्टीवर पसरून उजेडात बघायचे. “हां, आता सोड,” म्हणाले की बी सोडायचं. एकदा हौसेने मी तो पाक बोटावर घेतला आणि सळई फेकून नळाकडे पळालो. चाचा तोच पाक अंगठ्यावर ठेवून निवांत बोलत राहिले. ‘काय कातडी आहे!’ असं आम्ही कौतुकाने म्हणत असू. मी तर पाहुण्यांना मुद्दाम वर नेऊन दाखवत असे.

हे काम शिकवायची रीत जुनी होती. आसाराम नावाचा त्यांचा मदतनीस तिसगावकडचा, बायको-पोरांचा माणूस. पाच हंगाम तो नुसती सळई आणि काच धूत होता. चाचांनी त्याला अजून एकदाही बी सोडू दिलं नव्हतं. “हात तयार व्हायला टाइम लागतो,” एवढंच ते म्हणत, आणि आसारामही कधी कुरकुरला नाही.

बहात्तरच्या हंगामाला मुंबईहून मीटर आले. पॅनच्या पोटात एक कांडी बसवलेली, तिची वायर बाहेरच्या पेटीला, आणि पेटीवर काचेच्या नळ्यांत पेटणारे नारिंगी आकडे. पाक पातळ असेल तेव्हा आकडा मोठा, घट्ट होईल तसा उतरत जाणारा. चौसष्टावर आला की बी सोडायचं. बरोबर आलेले इंजिनिअर म्हणाले, “आता पंधरा दिवसांत कोणीही पॅनमन होईल.” चीफ केमिस्टनी लगेच फर्मान काढलं: पहिला मीटर चाचांच्या पॅनला बसेल, सगळ्यांनी आकडे शिकायचे, आणि ज्याला जमणार नाही तो गव्हाणीवर जाईल, म्हणजे खाली गाड्यांतला ऊस उतरवायला.

मीटर बसायच्या आधी चाचा तीनदा प्रयोगशाळेत आले होते. टोपी हातात घेऊन उभे राहायचे. “साहेब, ते यंत्र पाकाचं खरं सांगतं का? बगणाऱ्याला हात लावायची गरजच न्हाई का?” मला वाटलं, म्हातारा धास्तावलाय. तीस वर्षांचा अनुभव, वाचता येत नाही, आणि आता नळ्यांतले आकडे त्याला गव्हाणीवर धाडणार.

म्हणून मी चीफकडे गेलो. म्हणालो, “चाचांचा अंगठा हाच आपला मीटर आहे. या वयात त्यांची परीक्षा घेणं शोभत नाही.” चीफ आधी चिडले, मग विरघळले. शेवटी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की चाचांच्या पॅनला मीटर लागणार नाही. ते रिटायर होईपर्यंत आपल्या हातानेच साखर करतील. मीटर शेजारच्या पॅनला, आसारामकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “बरं साहेब.”

तो दुष्काळाचा हंगाम. ऊस इतका कमी की एका वेळी एकाच भागाची तोड चाले. डिसेंबरात चाचांचा पॅन दोनदा बिघडला. आसारामचाही बिघडला, पण तो नवशिका. चाचांना कोण विचारणार? उस्तादाच्या हाताबद्दल शंका काढायची नाही, हा तिथला कडक नियम. चीफनी दुष्काळी उसावर खापर फोडलं आणि विषय मिटला. तिसऱ्या वेळी मी पाळीवर होतो. चाचा पॅनच्या खिडकीशी कान लावून उभे होते. सळई काढत, अंगठा लावत, पुन्हा कान लावत. बी सोडलं तेव्हा उशीर झालेला होता, हे काचेवर मलासुद्धा दिसलं. चाचांनी माझ्या हातातून काच घेतली आणि पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. दुपारी मी त्यांच्या चाळीतल्या खोलीवर गेलो. सकीनाचाची दारात बसून त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधत होत्या. पट्टीखालचा अंगठा पाहून मी मान फिरवली. सोललेला होता.

“इतकं भाजलं आणि हात काढला नाहीत?” मी विचारलं.

चाचांऐवजी चाचीच बोलल्या. “कळायला नको का? दोन वर्सं झाली, अंगठ्याला न् बोटाला जीवच न्हाई. चुलीतला निखारा उचलला तरी मीच वरडायची. कारखान्यात तुमी सगळे वा वा करताय, आनि हितं मी रोज फोड बगत बसते.” पट्टीची गाठ मारून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. “मीटर येनार म्हनून हे लई खूश हुते. मग तुमी त्यो का काडून घेतला?”

चाचा हलकेच म्हणाले, “त्येंना काय म्हाईत. त्येंनी मान राखला आपला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मला मान नको हुता, साहेब. मला त्यो आकडा पायजे हुता. दोन वर्सं मी नुसता पाकाचा आवाज ऐकून आनि बुडबुडे बगून रेटतोय. त्येवड्यानं हुतं बी कदी कदी. रोज न्हाई हुत.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? हात मेला म्हनू? पॅनमनचा हात मेला म्हंजी पॅनमन मेला.”

त्या दिवशी मी रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. तिथे नाही, परत येताना उसाच्या गाडीमागे सायकल थांबवून. स्वतःचा रागही भयंकर आला. बिचाऱ्यांनी तीनदा येऊन विचारलं आणि मी तीनदा भलतंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चीफसमोर पुन्हा उभा राहिलो. खरं सांगायची सोय नव्हती. म्हणालो, “आसारामला एकट्याला मीटर झेपत नाही. चाचांच्या पॅनला मीटर लावा आणि आसारामला त्यांच्या हाताखाली द्या.” चीफ म्हणाले, “महिन्यापूर्वी तर तुम्ही उलटं भांडत होता.” “तेव्हा मी मूर्ख होतो,” मी म्हणालो. यावर त्यांनी अजिबात वाद घातला नाही.

मीटर आला. आता आकडे. चाचांना दहापर्यंत मराठी आकडे कसेबसे ओळखता येत, पण नळ्यांत पेटत ते इंग्रजी. पाटी-पेन्सिल घेऊन बसले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून मी नमुन्याची काच घ्यायचो, तिच्यावर पाक पसरायचो आणि काडीने त्यात आकडा काढायचो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघे दाणा तपासतायत. ओळखला की चाचा काच धुऊन टाकायचे. आठ आणि तीनने फार छळलं. “ह्या तिनानं एक कान कापलाय का आठाचा?” असं पुटपुटायचे. तीन आठवड्यांत सगळे आकडे आले. त्या दिवशी त्यांनी स्वतः काचेवर चौसष्ट काढला, वाकडा पण स्वच्छ, आणि ती काच काही केल्या धुवेनात. शेवटी मीच धुतली.

पण चौसष्ट आकडाही कधी कधी फसवायचा. आसारामचे पॅन त्यामुळेच बिघडत होते. इंजिनिअरनी पत्राने कळवलं, की वायर तपासा. आम्ही दोनदा तपासली. चाचांनी वायरीकडे पाहिलंही नाही. रसाचा थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाले, “खारं हाय. माळावरच्या विहिरींचा ऊस हाय ह्यो. यंदा तळाचं मचूळ पानी पाजलंय लोकांनी.” अंगठा गेला होता, जीभ शाबूत होती.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. मीटर पाकाचा घट्टपणा मोजतच नव्हता. पाकातून वीज किती वाहते ते मोजत होता, आणि खारात वीज जास्त वाहते. पाक तयार झाला तरी आकडा वरच राहायचा, आपण चौसष्टाची वाट बघत बसायचो आणि खोटा दाणा उठायचा. बी.एस्सी.ला हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पॅनपाशी मात्र ते आठवायला चाचांची जीभ लागली.

मग आम्ही तिघांनी पंधरा दिवस एकच उद्योग केला. कोणत्या भागाचा ऊस, रस चवीला किती खारा, दाणा कोणत्या आकड्याला बरोबर आला. चाचा चाखून सांगायचे, आसाराम काच धरायचा, मी लिहायचो. शेवटी पुठ्ठ्याचा एक तक्ता झाला: गोड रस चौसष्ट, खारट अडुसष्ट, फार खारट एकाहत्तर. ते तीन आकडे चाचांनी स्वतः लिहिले. त्या हंगामात पुढे एकही पॅन बिघडला नाही. पाळीवर येणारा प्रत्येक नवा माणूस आधी रस चाखायला आणि मग आकडा बघायला शिकला. सळई धुण्यात पाच हंगाम कोणाचे गेले नाहीत. इंजिनिअरचे पंधरा दिवसही पुरले नाहीत, साधारण तीन महिने लागत.

नमुना काढून अंगठ्यावर घ्यायचं मात्र चाचांनी सोडलं नाही. सगळे बघत असत ना. सळई आता आसाराम काढून द्यायचा, आणि देताना हा गडी भलता वेळ लावायचा. सळई हवेत हलवायचा, फुंकर घालायचा. मी त्याला कितीदा बोललो, की निवलेल्या नमुन्याचा काय उपयोग, तार खोटी येते. तो “व्हय साहेब” म्हणायचा आणि पुन्हा तेच करायचा. चाचांचा सोललेला अंगठा मी स्वतः पाहिला होता, पण बघणाऱ्यांना तार खरी दिसावी या नादात तो विसरलो, आणि ‘सुस्त’ असा शेरा आसारामच्या नोकरीच्या कागदावर मारून ठेवला.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये चाचा रिटायर झाले. त्यांचा शेवटचा पॅन बघायला चीफसुद्धा वर आले होते. आकडा उतरत होता, सदुसष्ट, सहासष्ट. आसारामने सळई काढली आणि नेहमीसारखा फुंकर घालत उभा राहिला. चीफ बघतायत आणि हा असा. मी त्याच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, “अरे, आज तरी गरम दे.”

“गरम दिला तर भाजतं त्येंना,” आसाराम तितक्याच हळू म्हणाला. “कळत न्हाई त्येंना, साहेब.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. हात गेला त्या पैल्या सालापासनं बगतोय.”

त्याने सळई स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली आणि मग चाचांच्या हातात दिली. चाचांनी पाक अंगठ्यावर घेतला, तार ओढली, काच उजेडात धरली. आकडा चौसष्टावर आला.

“हां, आता सोड,” चाचा म्हणाले, आणि आसारामने बी सोडलं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या कागदावरचा शेरा खोडून टाकला. त्या जागी काय लिहावं ते मला सुचलं नाही, म्हणून ती जागा कोरीच राहिली.